पहिली नोंद कुणाच्या हातची?

२८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारकडे निघाली. सांगोल्याचं डाळिंब त्याआधीही लांबलांब जातच होतं. त्या दिवशी ते सगळ्या देशाच्या नजरेस आलं इतकंच. माल दोन हजार किलोमीटरवर उतरायला लागला की धंद्याचा हिशोब दिवाणजीच्या डोक्यात मावत नाही. कोणत्या बागेचा माल, किती क्रेट भरले, वाटेत किती घट आली, पट्टी किती बसली, शेतकऱ्याला बांधावर दिलेली उचल किती वळती करायची, हे सगळं लिहून ठेवावं लागतं आणि वेळेवर सापडावंही लागतं. म्हणून तालुक्यात पॅकहाऊस, कृषी सेवा केंद्र, दूध संकलन, पतसंस्था, जिकडे बघावं तिकडे सॉफ्टवेअर आलं. त्यातलं काही रोज चालतं. काहींच्या कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं आवरण असतं आणि शेजारी लाल वही उघडी असते.

हा लेख अशी खरेदी करायच्या बेतात असलेल्यांसाठी आहे. दोन लाखांचं असो की वीस लाखांचं, कोटेशनं हातात आली आहेत आणि कुणाला हो म्हणायचं ते ठरायचं आहे, अशांसाठी. कोणत्या कंपनीचं घ्या हे मी सांगणार नाही. एकच प्रश्न सारखा विचारणार आहे: या यंत्रणेत पहिली नोंद कुणाच्या हातून होणार आणि ती करण्यात त्याचा काय फायदा?

वारणेला काय झालं

आपल्याकडचं या विषयातलं सगळ्यात चांगलं उदाहरण वारणानगरचं आहे. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभ्या केलेल्या वारणा समूहाचा साखर कारखाना, दूध संघ, बाजार हे सगळं आधीच नीट चाललेलं होतं. १९९८ मध्ये केंद्र सरकारनं तिथं ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू केला. केंद्र, राज्य आणि वारणा अशा तिघांनी पैसे घातले आणि कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं कॉम्प्युटरनं जोडायचं ठरलं. गावोगावी केंद्रं झाली. शेतकऱ्याला तिथं बाजारभाव मिळावेत, पिकाचा सल्ला मिळावा, सरकारी कागद मिळावेत, मुलांनी शिकावं, अशी मोठी यादी होती.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी जाऊन पाहिलं, की या केंद्रांत लोक प्रत्यक्षात काय करतात. यादीतली बहुतेक कामं कागदावरच होती. शेतकरी येत होता तो उसासाठी: तोड कधी मिळणार, वजन किती भरलं, खताची मागणी गेली का, बिल किती निघालं. एवढी माहिती त्याला हवी होती आणि एवढीच तो घेत होता. कॉम्प्युटर मात्र जुने होत चालले होते, त्यांची देखभाल महाग पडत होती आणि गावात वीज जाईल तेव्हा केंद्र बंद पडत होतं.

मग सात गावांत आठ महिने एक प्रयोग झाला. गावातला कॉम्प्युटर काढून तिथं साधा मोबाईल दिला. एसएमएस पाठवायचा आणि उत्तर एसएमएसनं यायचं. कॉम्प्युटरवर जे काही होत होतं ते सगळं यावर झालं, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडलं. २००७ मध्ये त्यावर निबंध आला. ‘वारणा अनवायर्ड’ असं त्या प्रयोगाचं नाव.

यातून ‘साधं घ्या, स्वस्त घ्या’ एवढाच अर्थ काढला तर मुद्दा हातचा जाईल. वारणेचा पहिला प्रकल्प वाया गेला असं मी म्हणणार नाही. कारखान्याच्या नोंदी कॉम्प्युटरवर आल्या होत्या म्हणून तर नंतर एसएमएस चालला. पण लोक काय विचारतील हे आधी गृहीत धरलं गेलं, आणि ते खरोखर काय विचारतात हे बघायला बरीच वर्षं गेली. तुमच्या धंद्यात ही वर्षं वाचवता येतात. आठवडाभर काउंटरवर बसा आणि लोक काय विचारतात ते एका कागदावर मांडा. ‘माझी पट्टी झाली का?’ हा प्रश्न दिवसातून चाळीस वेळा येत असेल, तर तुम्हाला लागणाऱ्या सॉफ्टवेअरचं अर्धं वर्णन तिथंच झालं.

काट्यापाशी उभं राहून बघा

डाळिंबाचं पॅकहाऊस घेऊ. टेम्पो येतो. क्रेट उतरतात. काट्यावर वजन होतं, हमाल आकडा ओरडतो, मुकादम वहीत लिहितो. क्रेटचं वजन वजा होतं. मग माल ग्रेडिंगला जातो. डागी फळ वेगळं, चिरलेलं वेगळं, निर्यातीचं वेगळं. संध्याकाळी वही ऑफिसात येते आणि ऑफिसातली मुलगी ती कॉम्प्युटरवर चढवते. तोवर एखादं पान भिजलेलं असतं आणि ‘७’ आहे की ‘१’ यावर मुकादमाला फोन लागतो.

आता सॉफ्टवेअर विकणारा म्हणतो, मुकादमाच्या हातात टॅब द्या. विचार चांगला आहे. मग टॅब उघडून बघा, एका क्रेटसाठी किती रकाने भरावे लागतात ते मोजा. शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाईल, गट नंबर, जात (म्हणजे भगवा की आणखी काही), बहार, गाडी नंबर, वजन, ग्रेड, शेरा. खाली चार माणसं क्रेट धरून उभी असताना आणि बाहेर दुसरा टेम्पो हॉर्न देत असताना हे कोण भरेल? मुकादम पहिल्या दिवशी भरेल. तिसऱ्या दिवसापासून वजनाच्या रकान्यात सगळीकडे पूर्ण आकडे दिसायला लागतील, वीस, वीस, वीस. तेव्हा समजायचं, की तो वही लिहितोय आणि टॅब नंतर अंदाजानं भरतोय.

काट्यापाशी दोनच गोष्टी लागतात: शेतकऱ्याचा कोड आणि वजन. वजन थेट काट्यातून उचलता आलं तर उत्तमच. इलेक्ट्रॉनिक काट्यांना बहुधा वजनाचा आकडा बाहेर देणारा पोर्ट असतो. मात्र केबल जोडताना वैधमापन विभागाचं सील तोडायचं नाही, हे बसवायला येणाऱ्या पोराला आधीच बजावा. बाकीचे रकाने ऑफिसात, सावलीत, खुर्चीवर बसून भरता येतात.

आणि मुकादमाचा फायदा? काट्यातून छापील चिठ्ठी निघाली आणि ती जागेवरच शेतकऱ्याच्या हातात पडली, की संध्याकाळी ‘तू माझं वजन कमी लिहिलंस’ हे भांडण त्याच्या गळ्यात येत नाही. हा फायदा त्याला पहिल्या आठवड्यात दिसला पाहिजे. नुसतं ‘मालकाला मोबाईलवर रिपोर्ट दिसेल’ असं सांगितलं, तर मुकादमाला त्यात आपल्यावरची पाळत दिसते, आणि त्याचं काही चुकत नाही.

खतविक्रेत्यांना हा धडा पुस्तकातून शिकावा लागत नाही. २०१८ पासून देशभर अनुदानित खत पॉस मशीनवर, आधार घेऊन विकलं जातं. पाऊस पडून वापसा आला, की दुकानापुढं रांग लागते. सर्व्हर हळू असतो, कष्टानं झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. अशा वेळी पोतं आधी जातं आणि नोंद नंतर होते; मग मशीनवरचा साठा एक आणि गोदामातला दुसरा. मशीन काढलं ते खताचा हिशोब दिल्लीत दिसावा म्हणून. तो हिशोब खरा राहतो की नाही, हे पावसाच्या त्या दोन दिवसांत काउंटरवरच्या पोराला किती वेळ मिळतो यावर ठरतं. तुम्ही स्वतःसाठी यंत्रणा घेताना गर्दीचा दिवस डोळ्यांपुढं आणा. रिकाम्या दुपारी सगळीच सॉफ्टवेअरं चांगली चालतात.

डेमो आपल्या चिठ्ठ्यांवर घ्या

विक्रेत्याचा डेमो म्हणजे त्याच्या घरचं लग्न, सगळं सजवलेलं. त्याच्या नमुन्याच्या यादीत ग्राहक ‘एबीसी ट्रेडर्स’ असतो, माल ‘आयटम १’ असतो आणि कुणाचीच उधारी थकलेली नसते. त्याला सांगा, ही यादी ठेव बाजूला, आणि परवाच्या दहा चिठ्ठ्या त्याच्या पुढं टाका. त्यात मुद्दाम अडचणीच्या निवडा. एकात बांधावर सौदा ठरला, उचल दिली, माल मात्र चार दिवसांनी दोन खेपांत आला. एकात भावाभावांची सामाईक बाग, पट्टी एकाच्या नावावर आणि पैसे दोघांच्या खात्यात. एकात माल परत आलेला. एकात भाव नंतर ठरवायचा आहे. या दहा चिठ्ठ्या तुमच्यासमोर, तुमच्या माणसाच्या हातून सिस्टीममध्ये चढल्या तर पुढं बोला. ‘ते कस्टमायझेशनमध्ये करून देऊ’ हे उत्तर तीनदा आलं तर चहा पाजा आणि निरोप द्या.

इथं दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे मालक लोक या टोकालाही जातात. ‘आमची पद्धत तीस वर्षांची आहे, सॉफ्टवेअर आमच्याप्रमाणे बदलून द्या.’ जर्मनीतली लिडल ही दुकानांची मोठी साखळी. त्यांनी २०११ मध्ये एसएपी या सॉफ्टवेअरवर जायला सुरुवात केली. लिडल मालाचा साठा खरेदी किमतीनं मांडत असे आणि सॉफ्टवेअर विक्री किमतीवर बेतलेलं होतं. आपली सवय सोडायची नाही असं ठरल्यावर सॉफ्टवेअर वाकवत गेले, वाकवत गेले, आणि २०१८ मध्ये सगळा प्रकल्प सोडून दिला. खर्च सुमारे पन्नास कोटी युरो झाल्याचं तेव्हा छापून आलं. लिडलला ते झेपलं. तुमच्या-माझ्याकडे तेवढी ऐपत नाही.

माझं मत असं, की ज्या पद्धतीमुळे तुमच्याकडे गिऱ्हाईक येतं ती पद्धत धरून ठेवावी आणि बाकीच्या सोडाव्यात. बांधावर उचल देणं हा डाळिंबाच्या धंद्यातला विश्वास आहे. ते सॉफ्टवेअरमध्ये बसलंच पाहिजे. पण बिलाचा नंबर कसा लिहायचा, खर्चाची खाती किती, रजिस्टर आडवं की उभं, यासाठी पैसे घालून बदल करून घेण्यात काहीच राम नाही.

डेमोच्या वेळी विचारायच्या आणखी तीन-चार गोष्टी आहेत, झटपट सांगतो. मराठी नावं युनिकोडमध्ये साठवतात का? जुन्या श्रीलिपी किंवा तशाच फॉन्टमध्ये भरलेली नावं दुसरीकडे नेली की नुसत्या खुणा दिसतात आणि शोधता येत नाहीत. सूत, कीटकनाशकं, पॅकिंगचं सामान असा करपात्र माल विकत असाल, तर ई-इन्व्हॉइस सिस्टीममधूनच निघतं का? १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना दुसऱ्या व्यावसायिकाला माल विकताना ते लागतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असाल तर नोंदीत कुणी, कधी, काय बदललं याची खूण ठेवणारं सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. ती सोय बंद करता येत असेल, तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका. आणि युरोपकडे निर्यात करायचा विचार असेल, तर अपेडाच्या ‘अनारनेट’वर नोंदवलेल्या बागेचा क्रमांक काट्यापासून खोक्यापर्यंत सोबत जातो का ते बघा. वर्षानंतर हा रकाना घालून घ्यायचा म्हटलं, तर मागच्या सगळ्या नोंदी त्याच्याविना कोऱ्या राहतात.

पाच वर्षांचा खर्च

कोटेशनवरची किंमत ही प्रवेश फी आहे. वार्षिक देखभाल, म्हणजे एएमसी, साधारण पंधरा ते वीस टक्के धरतात. परवाना एक लाखाचा, एएमसी अठरा टक्के आणि पहिलं वर्ष मोफत असेल, तर पाच वर्षांत आणखी बहात्तर हजार जातात, जीएसटी वेगळा. त्यावर इन्व्हर्टर किंवा यूपीएस, चिठ्ठ्यांचा प्रिंटर, धुळीत टिकेल असा टॅब, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट. (एकाच कंपनीची दोन सिमं घेणारे लोक आहेत, टॉवर गेला की दोन्ही जातात.) आणि जो खर्च कुणीच लिहीत नाही तो म्हणजे तुमच्या माणसांचा वेळ. पहिले दोन महिने ऑफिसातला एक माणूस निम्मा दिवस यातच अडकणार. तो आपला सगळ्यात हुशार माणूस असला पाहिजे, आणि सगळ्यात हुशार माणूस नेहमी दुसऱ्याच कामात गुंतलेला असतो. त्याला मोकळा करता येत नसेल तर खरेदी सहा महिने पुढं ढकला.

सांगोल्यात आणखी एक धोका धरावा लागतो, जो पुण्यातला विक्रेता धरत नाही. डाळिंबानं अजनाळ्यासारख्या गावांत बंगले उभे केले, आणि मग तेल्या, मर, खोड पोखरणारे किडे अशा एकामागून एक तडाख्यांनी बागा काढायला लावल्या. ज्या पॅकहाऊसला एका वर्षी माल ठेवायला जागा नव्हती, तिथंच दोन वर्षांनी निम्मे क्रेट येऊ शकतात. अशा तालुक्यात पाच वर्षांचा पक्का करार किंवा शंभर वापरकर्त्यांचा परवाना एकदम घेण्यात अर्थ नाही. महिन्यानं, वापरकर्त्यानं पैसे द्यायची सोय असेल तर एकूण थोडं महाग पडलं तरी ती घ्यावी. सूतगिरणीचं गणित वेगळं. गणपतराव देशमुखांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या इथल्या शेतकरी सहकारी सूतगिरणीसारख्या ठिकाणी चात्या बाराही महिने फिरतात, कापसाच्या गाठींचे लॉट आणि सुताचे काउंट ठरलेले असतात. तिथं लांबचा करार करून भाव पाडून घेता येतो.

कागदावर काय हवं

पैसे टप्प्यांनी द्या, आणि टप्पे तारखेला न बांधता कामाला बांधा. ‘इन्स्टॉलेशन पूर्ण’ हा टप्पा नव्हे. सीडी घातली की इन्स्टॉलेशन पूर्ण होतं. माझ्या मते वीस टक्के ऑर्डरबरोबर, तीस टक्के जुनी खाती चढून बाकी रुपया-पैशासह जुळल्यावर, तीस टक्के प्रत्यक्ष कामाचा एक महिना त्यावर काढल्यावर आणि उरलेले वीस त्या महिन्याचा ताळा लागून जीएसटीचं विवरणपत्र त्यातूनच भरल्यावर. विक्रेता कुरकुरेल. जो आधी ऐंशी टक्के मागतो त्याला नंतर तुमच्या गावाची वाट आठवत नाही.

करारात हेही यावं: डेटा तुमचा आहे, तो तुम्ही मागाल तेव्हा एक्सेलमध्ये, विनाशुल्क मिळेल. एएमसी दरवर्षी जास्तीत जास्त किती टक्क्यांनी वाढेल. बंद पडलं तर किती तासांत फोनवर माणूस आणि किती तासांत जागेवर माणूस. आणि बसवायला येणाऱ्याचं नाव. डेमोला जो चुणचुणीत गडी येतो तो विक्रीचा असतो. नंतर येणारा पोरगा पहिल्यांदाच सांगोला बघत असतो. त्याच्याशी करार करण्यापूर्वी अर्धा तास बोला. आडत म्हणजे काय, हे त्याला माहीत आहे का ते कळेल.

तुमच्या बाजूचंही एक नाव लिहा. ‘आमचं मॅनेजमेंट’ असं लिहिलं म्हणजे कुणीच नाही. संस्था असेल तर ही अडचण मोठी होते: चेअरमनना वेळ नसतो, सेक्रेटरीला अधिकार नसतो आणि संचालकांतले दोघे दुसऱ्या विक्रेत्याचे पाव्हणे असतात. ठराव करून एकाच माणसाला हो किंवा नाही म्हणायचा अधिकार द्या, आणि निवडणुकीच्या वर्षात हे काम काढू नका.

जुनी खाती

विकास सोसायट्यांचे सेक्रेटरी जुनी खाती कॉम्प्युटरवर चढवण्याच्या अनुभवातून जात आहेत. या सोसायट्यांच्या, म्हणजे प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या, संगणकीकरणाची केंद्राची योजना जून २०२२ मध्ये मंजूर झाली, त्रेसष्ट हजार संस्थांसाठी दोन हजार पाचशे सोळा कोटींची. नाबार्डच्या देखरेखीखाली सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर. त्या योजनेत यंत्रसामग्री आणि सॉफ्टवेअर यांच्या बरोबरीनं जुन्या नोंदी संगणकावर आणणं हे स्वतंत्र काम म्हणून धरलं आहे. हे शहाणपण खासगी धंद्यानंही उचलावं. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये ‘डेटा मायग्रेशन’ ही एक ओळ असते. प्रत्यक्षात तो महिनाभराचा व्याप असतो.

एकाच शेतकऱ्याचं देणं-घेणं तीन नावांनी चालू असतं. एका खात्यावर पूर्ण नाव, दुसऱ्यावर ‘बापू’ आणि गावाचं नाव, तिसऱ्यावर मुलाचं. दिवाणजीला हे तिघे एकच आहेत हे माहीत असतं, कॉम्प्युटरला नसतं. ही सफाई बाहेरचा माणूस करू शकत नाही. ज्याला गावं आणि घरं माहीत आहेत त्यानं, म्हणजे बहुतेक ठिकाणी त्याच म्हाताऱ्या दिवाणजीनं बसून करायची. त्याला हे सॉफ्टवेअर आपली खुर्ची काढायला आलंय असं वाटत असतं. त्याच्याशिवाय ते सुरूच होणार नाही हे त्याला मोकळेपणानं सांगा. ते खरंही आहे. प्रत्येकाला एक कोड द्या, मोबाईल नंबर जुळवा, आणि ज्या खात्यांवर पाच वर्षांत व्यवहार नाही ती आणूच नका. जुन्या वह्या कपाटात राहू देत, त्या कुठं जात नाहीत.

कधी सुरू करायचं

अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीनं १९९९ च्या जुलैमध्ये नवी यंत्रणा सगळीकडे एकदम सुरू केली. काम मुळात चार वर्षांचं होतं, ते अडीच वर्षांत बसवलेलं. त्यांचा सगळ्यात मोठा विक्रीचा सण ऑक्टोबरच्या शेवटी येतो. गोदामात चॉकलेट पडून होतं, दुकानदार मागत होते आणि ऑर्डर पुढं सरकत नव्हती. दहा कोटी डॉलरच्या घरातला माल त्या हंगामात पोहोचवता आला नाही.

आपल्याकडचं याहून जवळचं उदाहरण मुंबई विद्यापीठाचं. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या सतरा लाखांवर उत्तरपत्रिका स्कॅन करून प्राध्यापकांनी पडद्यावर तपासायच्या, असं ठरलं. ठरलं तेही परीक्षा तोंडावर आल्यावर, आणि कंत्राट दिलं गेलं तेव्हा परीक्षा सुरू झाल्या होत्या. प्राध्यापकांना नीट सराव नव्हता, एका विषयाच्या उत्तरपत्रिका दुसऱ्याच्या नावावर दिसत होत्या. राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत गेली, निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले, मुलांचे परदेशातले प्रवेश अडकले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. पडद्यावर उत्तरपत्रिका तपासणं ही कल्पना वाईट नव्हती. इतर विद्यापीठांत ती चालते. पण पहिली नोंद ज्याच्या हातून व्हायची, त्या प्राध्यापकाला कुणी आधी विचारलं नाही, आणि सगळ्या उत्तरपत्रिका एकदमच पडद्यावर आणल्या.

तुमचा मोठा माल मृग बहाराचा असेल तर हिवाळा सोडा, हस्त बहाराचा असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल सोडा. मार्चअखेर कुणीच काही नवं सुरू करू नये. आषाढीच्या आठवड्यात, पंढरपूर शेजारी असताना, तुम्हाला ना माणसं मिळतील ना गाडी. हंगाम संपून दोन आठवडे झाले की तो खरा वेळ. एका काट्यावर, एका गावाच्या मालावर सुरू करा. तिथं महिना नीट गेला की दुसरा काटा.

वही आणि कॉम्प्युटर दोन्ही काही दिवस बरोबर चालवावे लागतात, पण महिन्याच्या वर नाही. दुहेरी काम लांबलं की माणसं सोप्या बाजूला जातात, आणि वही कायम सोपी असते. वही बंद करायची तारीख आधीच सांगून टाका आणि त्या दिवशी ती उचलून कपाटात ठेवा. मग सगळ्यात अवघड पथ्य मालकाचं. ‘अरे, आज किती माल आला?’ असं मुकादमाला फोन करून विचारायची सवय सोडायची आणि आकडा स्क्रीनवरच बघायचा. मालक तोंडी विचारतो आहे असं एकदा कळलं, की खालचे सगळे तोंडी उत्तराचीच तयारी ठेवतात. सोसायट्यांत रोजचं ‘डे-एंड’ करायची शिस्त आहे तशी लावा: दिवसाचा हिशोब मिटल्याशिवाय शटर खाली ओढायचं नाही.

ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो?

एक गोष्ट बरेच जण चुकवतात. सॉफ्टवेअर बसवायला आलेला मुलगा घाईत स्वतःचा मोबाईल आणि स्वतःचा ई-मेल टाकून खातं उघडतो. वर्षभरानं तो नोकरी सोडतो आणि तुमच्या धंद्याचा ओटीपी हैदराबादला कुणाच्या तरी खिशात वाजतो. धंद्याच्या नावानं वेगळा ई-मेल आणि वेगळं सिम घ्या, पासवर्ड दोन माणसांकडे ठेवा, आणि विक्रेत्याच्या माणसाला मालकाच्या अधिकाराचं लॉगिन कायमचं देऊ नका. काम असेल तेव्हा उघडा आणि झालं की बंद करा.

बॅकअप रोज होतो असं तुम्हाला सांगितलं जाईल. सहा महिन्यांतून एकदा तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवायला सांगा. उघडला, तर मागच्या हंगामातल्या कुठल्याही एका शेतकऱ्याचं खातं काढा आणि कपाटातल्या छापील पट्ट्यांशी त्याची बाकी ताडून बघा. जुळली नाही, तर पुढचा एएमसीचा चेक ती जुळेपर्यंत लिहू नका.